फ्लॉरेन्सची जुनी फियाट विकणार असाल, तर खरी विका

प्रति,
युरोपच्या सहली काढणाऱ्या महाराष्ट्रातल्या सर्व टूर कंपन्यांचे संचालक आणि टूर मॅनेजर यांस

विषय: 'व्हिंटेज कारमधून फ्लॉरेन्स' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या जादा सहलीबाबत

स. न. वि. वि.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरातला. वडिलांचं गॅरेज तिथंच होतं आणि फियाटचं इंजिन उतरवायला मी शाळेत असतानाच शिकलो. आता बरीच वर्षं फ्लॉरेन्सच्या बाहेरच्या अंगाला एका गॅरेजमध्ये काम करतो. आमच्याकडे जुन्या गाड्या येतात, त्यातल्या बहुतेक फियाट ५००. तुमच्या माहितीपत्रकांत ज्या छोट्या रंगीत गाड्या दिसतात, त्यांतल्या काहींचे क्लच आणि ब्रेक माझ्या हातून जातात. गाडी फिरून परत आली की तिची काय अवस्था आहे ते मला दिसतं. तिच्यातून उतरणाऱ्या मराठी माणसांशीही मीच बोलतो, कारण भाषा अडली की गॅरेजवाले मलाच पुढे करतात.

हे सगळं मी आधी तोंडी सांगून पाहिलं. काही टूर मॅनेजरना समोर बसवून सांगितलं. ती मुलं चांगली आहेत, ऐकून घेतात, 'वर कळवतो' म्हणतात. पण या हंगामाच्या पत्रकांतही तेच फोटो आहेत, तीच वाक्यं आहेत. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. तुम्ही वाचाच, पण जे लोक पोटाला चिमटा घेऊन युरोपच्या सहलीचे पैसे साठवतात, त्यांनीही ते वाचावं.

आधी गाडीविषयी, कारण तुमच्या एकाही पत्रकात तिच्याविषयी ओळभरसुद्धा माहिती मला सापडली नाही.

फियाटनं ही ५०० क्रमांकाची गाडी ४ जुलै १९५७ रोजी तुरिनमध्ये लोकांसमोर आणली. रचना दान्ते जिआकोझा यांची. युद्धातून सावरणाऱ्या इटलीत तेव्हा अख्खी कुटुंबं स्कूटरवरून फिरत होती. त्यांच्या खिशाला झेपेल अशी चार चाकं द्यायची, म्हणून जिथं म्हणून लोखंड वाचवता येईल तिथं जिआकोझांनी ते वाचवलं. लांबी तीन मीटरच्या आत. इंजिन मागे, दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, सुरुवातीला ४७९ सीसी आणि १३ अश्वशक्तीचं. पुढे ते १८ अश्वशक्तीपर्यंत गेलं. रेडिएटर नाहीच. पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी पुढच्या बॉनेटखाली, त्यामुळे सामानाला जागा जवळजवळ नाही. छत कापडाचं, मागे गुंडाळता येणारं. पहिल्या गाडीत मागची जागा माणसांसाठी धरलेलीच नव्हती, सामान टेकवायला एक फळी होती. लोकांनी नाकं मुरडली तेव्हा काही महिन्यांतच तिथं गादी आली. १९५९ मध्ये जिआकोझांना या गाडीबद्दल 'कोम्पास्सो दोरो' हा इटलीतला डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला. १९७५ पर्यंत ती बनत राहिली आणि ३५ लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याच्या लग्नाची, पहिल्या समुद्राची किंवा पहिल्या नोकरीची गोष्ट या गाडीपाशी येऊन थांबते.

ती चालवायला शिकावं लागतं. चार गिअर आहेत आणि मूळ गिअरबॉक्समध्ये एकालाही सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना चाकांचे वेग आपोआप जुळवणारी रचना, नाही. खालचा गिअर टाकायचा तर डबल क्लच करावा लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग गिअर. आपल्याकडच्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांना हे झोपेत जमेल. आजची गाडी शिकलेल्यांना सांगावं लागतं. नुसती चावी फिरवून ती सुरू होत नाही. दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्यामागे दोन छोटे खटके असतात, एक चोकचा आणि एक स्टार्टरचा. चावी फिरवायची आणि स्टार्टरचा खटका वर ओढायचा. चारही ब्रेक ड्रमचे, त्यांना पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. उतारावर पायाच्या जोरापेक्षा गिअरवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

आता यात आपला संबंध काय, ते सांगतो. जिआकोझांच्या देखरेखीखाली घडलेली दुसरी गाडी म्हणजे १९५३ ची फियाट ११००. तिचीच पुढची आवृत्ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं आपल्या दारात उभी राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपली तशी ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून कायमची हटली. तुमच्या बसमधून इथं उतरणाऱ्या साठी-सत्तरीच्या लोकांपैकी कितीतरी जण या फियाटनं लग्नाच्या वरातीत गेलेत, बाळंतपणाला दवाखान्यात गेलेत, दादर स्टेशनला उतरून नातेवाइकांच्या घरी गेलेत. आमच्या गॅरेजात असे लोक येतात तेव्हा त्यांना काही सांगावं लागत नाही. डॅशबोर्डवर हात ठेवतात, दाराचा आवाज ऐकतात आणि स्वतःच बोलायला लागतात. एका सांगलीच्या आजोबांनी बॉनेटखालची टाकी पाहून माझ्याशी अर्धा तास वाद घातला की इंजिन मागे असलेली गाडी घाटात तापणारच. त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबरही होतं. या लोकांना तुम्ही ही गाडी फोटोची पार्श्वभूमी म्हणून विकता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार फोटोची. पत्रकावर लाल फियाट कॅथेड्रलच्या दाराशी उभी आहे आणि मागे ब्रुनेलेस्की या वास्तुरचनाकाराचा घुमट दिसतो. कॅथेड्रलचा चौक ऑक्टोबर २००९ पासून वाहनांना बंद आहे. तिथून बसही जात नाही. काल्झाइउओली रस्ता, सिन्योरिया चौक, पोंते वेक्यो पूल, हे सगळं पायी चालायचं आहे, आणि ते तसंच असावं. १९८२ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. १४३६ मध्ये पुरा झालेला तो घुमट जवळून पाहायचा तर माणसाला मान वर करून उभं राहायला वेळ हवा, गाडीची काच काय कामाची? पण तुमचा ग्राहक गाडीत बसून घुमटाखालून जाण्याचे पैसे भरतो आणि इथं आल्यावर त्याला कळतं की गाडी नदीपलीकडून निघणार. मग तो त्या बिचाऱ्या ड्रायव्हरशी भांडतो.

दुसरी तक्रार 'झेडटीएल'ची. झोना आ त्राफिको लिमितातो, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या शहराच्या जवळजवळ सगळ्या वाटांवर कॅमेरे आहेत. परवाना नसलेली गाडी ठरलेल्या वेळात आत गेली की नंबरप्लेटचा फोटो निघतो. कोणी शिट्टी वाजवत नाही, कोणी थांबवत नाही. गाडी भाड्यानं घेतलेली असेल तर मालक पोलिसांना चालवणाऱ्याचं नाव-पत्ता कळवतो, त्याची वेगळी फी कार्डावरून कापतो आणि दंडाची नोटीस पुढे कधीतरी घरी येते. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला कायद्यानं ३६० दिवसांची मुदत आहे. दंड ८० युरोंच्या वर, आणि एका दुपारी तीन वेळा आत-बाहेर केलं तर तीन दंड. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर ३० टक्के सूट मिळते, पण इटालियनमधलं ते पाकीट पुण्यातल्या घरात उघडून, समजून घेऊन पाच दिवसांत पैसे भरणं किती जणांना जमेल? सहलीनंतर कितीतरी महिन्यांनी आलेली अशी पत्रं लोक मला फोटो काढून पाठवतात. त्यांनी कंपनीला विचारलं तर उत्तर येतं की जादा सहल तुमची तुम्ही घेतली होती, आमचा संबंध नाही. बुकिंग कंपनीच्याच व्हॉट्सॲपवर झालं होतं, तरीही.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे. 'स्वतः चालवा' असं लिहून तुम्ही लोकांच्या हातात गाडी देता. पुढे माहितगाराची एक गाडी, मागे चार-पाच फियाटांचा ताफा, डोंगरातल्या रस्त्यानं द्राक्षमळ्यापर्यंत, तिथं जेवण आणि वाइनची चव, आणि त्याच गाडीनं परत. एकेक करून बघा. भारतीय परवान्यावर इटलीत गाडी चालवायची तर मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून निघायच्या आधी काढावा लागतो, इथं आल्यावर मिळत नाही. हे पत्रकात कुठं लिहिलंय? स्टेअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी, गिअर उजव्या हाताला, सिंक्रो नाही, ब्रेक साठ वर्षांपूर्वीचे. आयुष्यभर उजवीकडे बसून गाडी चालवलेल्या माणसाला हे सगळं दहा मिनिटांत समजावून रस्त्यावर सोडलं जातं. आणि त्यात वाइन. इटलीत मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमची आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील किंवा वय २१ च्या आत असेल तर शून्य. चव घेताना किती घेतली याचा हिशोब कोण ठेवतं? फिएझोले या टेकडीवरच्या गावाकडून सान दोमेनिकोला उतरणारा रस्ता मी रोज बघतो. तिथं ड्रम ब्रेक तापल्याचा वास येतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. जळलेल्या क्लच प्लेटा बदलणं माझं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माणसांबद्दल आहे.

याच मुद्द्यात कागदपत्रांचं बघा. खाजगी मालकीची जुनी गाडी आणि पैसे घेऊन लोकांना देण्यासाठी नोंदवलेली गाडी या इटलीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीच्या नोंदणीपत्रावर वापर कशासाठी ते लिहिलेलं असतं. ड्रायव्हरसकट गाडी भाड्यानं द्यायची तर त्यासाठी १९९२ च्या कायद्याप्रमाणे वेगळी परवानगी लागते. हौशी मालकाच्या विम्यावर चाललेल्या गाडीला धंद्याच्या फेरीत अपघात झाला तर भरपाई कोण देणार? गाड्या भाड्यानं देणारे इथले बरेच गाडीवाले सगळं नियमानं करतात, मी त्यांच्याच गाड्या सांभाळतो. पण स्वस्तात मिळतो म्हणून दुसरा कुणीतरी निवडताना तुमच्यापैकी किती जणांनी ते नोंदणीपत्र मागून पाहिलं आहे?

चौथी, बसण्याची. पत्रकात 'एका गाडीत चार जण' असं असतं. ड्रायव्हर धरून चार, हे कागदावर खरं आहे. पण मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून, डोकं खाली घालून आत शिरावं लागतं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या काकूंना ते जमत नाही, आणि आपल्या सहलींत अशा काकू जास्त असतात. नऊवारी नेसलेल्या एका आजींना आत बसवताना आणि नंतर बाहेर काढताना त्यांची जी अवघडल्यासारखी स्थिती झाली, ती बघून मला भर रस्त्यात लाज वाटली. त्यांना कोणी आधी सांगितलं असतं तर त्या पुढे बसल्या असत्या, किंवा बाकावर बसून नदी बघत थांबल्या असत्या. जुलैच्या दुपारी इथं ऊन असह्य होतं, शहर टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात आहे, वारा लागत नाही. गाडीला एसी नाही आणि इंजिनाची धग पाठीमागून येते. लहान मुलांचं तर वेगळंच. ज्या जुन्या गाड्यांना पट्टे नाहीत, त्यांतून तीन वर्षांखालच्या मुलाला नेताच येत नाही, आणि त्याहून मोठं मूल पुढे बसवायचं तर त्याची उंची दीड मीटरच्या वर लागते. हा इथला रस्त्याचा कायदा आहे. आई-वडील गाडीत आणि पोर टूर मॅनेजरच्या कडेवर, असं दृश्य मी पाहिलं आहे.

वेळेबद्दल थोडक्यात सांगतो. सकाळी पिसा, दुपारी फ्लॉरेन्स, रात्रीचा मुक्काम माँतेकातीनी किंवा प्रातोला, दुसऱ्या दिवशी रोम. बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं, तो युरोपचा नियम आहे आणि चांगला आहे. पण त्या हिशोबात फ्लॉरेन्सच्या वाट्याला जे दोन-तीन तास उरतात, त्यातलाच पाऊण तास कापून तुम्ही गाडीची फेरी विकता. म्हणजे ज्यानं जादा पैसे भरले त्यालाच शहर कमी दिसतं.

आणि गाईड. ड्रायव्हर हा गाईड नसतो. इटलीत स्मारकांची माहिती सांगायला परवाना लागतो, २०२३ च्या कायद्यानं त्यासाठी देशभर एकच परीक्षा आणि एकच नोंदणी आणली आहे. तुमच्या पत्रकात 'गाईडसह' लिहिलेलं असतं आणि गाडीत एक कॉलेजचा मुलगा असतो, ज्याला फक्त गाणी लावायला सांगितलेलं असतं.

हे सगळं मी लिहितोय ते ही फेरी बंद व्हावी म्हणून नव्हे. जुन्या फियाटमधून फ्लॉरेन्स बघण्यासारखं आहे. पण कुठला रस्ता घ्यायचा ते माहीत हवं. १८६५ ते १८७१ हे शहर इटलीची राजधानी होतं. तेव्हा जुझेप्पे पोज्जी या वास्तुरचनाकारानं जुने तट पाडून रुंद रस्ते काढले आणि नदीच्या दक्षिणेला टेकड्यांवरून वळणं घेत जाणारा साधारण सहा किलोमीटरचा रस्ता बांधला. फेर्रुच्ची चौकातून चढ सुरू होतो, वर मिकेलांजेलोचा चौथरा लागतो, तिथून अख्खं शहर, घुमट, नदी आणि तिच्यावरचे पूल एका नजरेत येतात. त्यातला पोंते वेक्यो तेवढाच १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं उडवला नाही. बाकीचे सगळे नंतर बांधलेले आहेत. थोडं वर सान मिनियातोचं अकराव्या शतकातलं चर्च. मग गॅलिलिओच्या नावाचा रस्ता, मग माकियावेल्लीच्या नावाचा, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, आणि खाली रोमच्या दरवाजापाशी उतार संपतो. वाटेत आर्चेत्रीकडे वळलं तर गॅलिलिओ ज्या घरात नजरकैदेत राहिला आणि ८ जानेवारी १६४२ रोजी वारला ते घर आहे. हा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा आहे. छत उघडं टाकून, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, माहीतगार ड्रायव्हरसोबत जा. या गाडीचा वेग आणि या रस्त्याची वळणं एकमेकांना पटतात. कॅमेऱ्यांची भीती नाही, गर्दीत कुणाच्या पायांमधे घुसायचं नाही.

इथल्या महापालिकेनं २०२४ च्या शेवटी पर्यटनाबद्दल दहा कलमं जाहीर केली. त्यात जुन्या शहरातल्या गोल्फ कार्टसारख्या वाहनांना आवर घालण्याचं कलम आहे. लोक त्रासलेत, आणि त्यांचा त्रास खरा आहे. उद्या जुन्या फियाटचे ताफेही चुकीच्या गल्लीत, चुकीच्या वेळी दिसायला लागले तर त्यांच्यावरही बंदी येईल. मग नियमानं धंदा करणाऱ्यांचं आणि आमच्यासारख्या हातानं काम करणाऱ्यांचं काय?

आणखी एक गोष्ट आहे, कोल्हापूरकर म्हणून मला ती सगळ्यात जास्त लागते.

करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर युरोपातून येताना ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच फ्लॉरेन्समध्ये, ओन्यीसांती चौकातल्या हॉटेलात वारले. वय अवघं विशीचं. तेव्हा इथं दहनाची पद्धत नव्हती. महापालिकेनं खास परवानगी दिली आणि शहराच्या पश्चिमेला, जिथं मुन्योने नदी आर्नोला मिळते, त्या संगमावर रात्री त्यांना अग्नी दिला गेला. आपल्या लोकांनी परक्या देशातसुद्धा संगम शोधला. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. छत्रीची रचना मेजर मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. आतला रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. फेटा, दागिने, सगळं. आज त्या जागेला, शेजारच्या १९७८ च्या मोठ्या पुलाला इथले लोक 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे भारतीय. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात. कोल्हापुरातलं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं.

आणि कोल्हापूरहून, साताऱ्याहून, पुण्याहून आलेल्या बसगाड्या या शहरात येऊन त्या छत्रीकडे न वळता जातात. कोल्हापुरातच कार्यालय असलेल्या एका कंपनीच्या टूर मॅनेजरला मी छत्रीचं नाव सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो खजील झाला, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. छत्री काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. उद्यान लांब आहे, आत गाडी नेता येत नाही, त्यामुळे शेवटचा भाग चालावा लागेल. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी जवळच्या रस्त्यापर्यंत वाहन नेण्याची सोय आधी ठरवून करता येते. मी स्वतः अनेकांना घेऊन गेलो आहे. तिथं उभं राहून आपल्या माणसांनी जे हात जोडलेत, ते मी सिन्योरिया चौकात कधी पाहिलं नाही.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

कॅथेड्रलपुढच्या गाडीचा फोटो काढून टाका. गाडी जिथून निघणार, ज्या रस्त्यानं जाणार, किती वेळ चालणार आणि किती वेळ उभी राहणार, ते मराठीत लिहा. जुन्या शहरात गाडी जात नाही हे स्पष्ट छापा.

'स्वतः चालवा' हा प्रकार गटसहलीतून काढा. ज्याला खरंच चालवायचं आहे त्याला आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढायला निघण्याआधी पुरेसा वेळ देऊन सांगा, इथं मोकळ्या जागेत निदान तासभर सराव द्या, आणि त्या दिवशी वाइनचा कार्यक्रम ठेवू नका. बाकी सगळ्यांसाठी परवानाधारक ड्रायव्हर.

गाडीवाला निवडताना गाडीच्या नोंदणीपत्राची, ड्रायव्हरच्या परवानगीची आणि विम्याची प्रत मागा आणि ती ग्राहकाला दाखवायची तयारी ठेवा. जो देणार नाही त्याच्याकडे जाऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

एका गाडीत ड्रायव्हर सोडून दोन मोठी माणसं, तिसरं बसलंच तर ते हलक्या अंगाचं आणि स्वतःहून तयार असलेलं. गुडघे, पाठ, रक्तदाब यांचा त्रास असलेल्यांना बुकिंगच्या वेळीच विचारा. लहान मुलांचा नियम पत्रकात छापा. जून ते ऑगस्ट दुपारची फेरी नको.

दंडाची नोटीस आली तर ती वाचून देणं, भरायची रीत सांगणं आणि चूक गाडीवाल्याची असेल तर त्याच्याकडून वसूल करून देणं ही जबाबदारी लेखी घ्या. बुकिंग तुमच्यामार्फत झालं असेल तर सहल तुमचीच आहे.

फ्लॉरेन्सला पूर्ण एक दिवस द्या. परवानाधारक स्थानिक गाईड घ्या. मराठी बोलणारा मिळाला नाही तर इंग्रजी बोलणारा, आणि टूर मॅनेजरनं शेजारी उभं राहून मराठीत सांगावं. आणि त्या दिवसात राजाराम महाराजांच्या छत्रीला जागा ठेवा, निदान ज्या सहली पश्चिम महाराष्ट्रातून निघतात त्यांच्यात तरी.

टूर मॅनेजरच्या प्रशिक्षणात गाडीची आणि छत्रीची माहिती घाला. तुमच्यापैकी ज्यांना हवी असेल त्यांना मी ती विनामूल्य, लेखी देईन. गॅरेज बंद असतं त्या दिवशी तुमच्या माणसांना टेकड्यांचा रस्ता आणि संगम दोन्ही दाखवायला मी स्वतः येईन, त्याचेही पैसे नकोत.

पुढच्या उन्हाळ्याची पत्रकं तुम्ही दिवाळीनंतर छापायला घेता. त्याआधी यातल्या कुठल्या मागण्या मान्य आहेत आणि कुठल्या नाहीत, हे प्रत्येक कंपनीनं जाहीरपणे, नाव घालून सांगावं अशी माझी विनंती आहे. मान्य नसतील तर कारण द्या, मी वाचेन आणि उत्तरही देईन. ज्यांनी या सहलींचे पैसे भरले आहेत त्या वाचकांनी आपापल्या कंपनीला हे पत्र पाठवून हेच विचारावं.

कळावे,
आपला,
फ्लॉरेन्समधला एक कोल्हापूरकर मेकॅनिक